नोकरी सोडून आईकडे, ठाण्याला

"थोडे दिवस घरी जाते, शांतपणे विचार करते," असं म्हणून राजीनामा देणाऱ्या बायका माझ्या ओळखीत बऱ्याच आहेत. मीही तेच म्हटलं. पण ही शांतता फुकट मिळत नाही. तिला दर महिन्याला इतके रुपये लागतात, आणि तो आकडा कागदावर काढला नाही तर तिसऱ्या महिन्यात, जी पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागते. म्हणून इथे मनाचं कमी आणि कागदाचं जास्त लिहिते.

संदर्भापुरतं सांगते. औषध कंपन्यांमध्ये क्वालिटी विभागात सतरा वर्षं, त्यातली शेवटची साडेआठ बेंगळुरूच्या एका कंपनीत विभागप्रमुख म्हणून. आई ७१ वर्षांची, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

राजीनाम्याची तारीख मनाने नाही, कॅलेंडरने ठरवावी. ग्रॅच्युइटीचं सूत्र २०२५ मध्ये मी सोडलं तेव्हा असं होतं: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात, कमी असेल तर सोडून देतात. मी १ सप्टेंबर २०१६ ला रुजू झाले होते आणि मूळ पगार १,१०,००० होता. वैतागाच्या भरात नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच राजीनामा दिला असता तर नव्वद दिवसांची नोटीस जानेवारीअखेर संपली असती. म्हणजे ८ वर्षं ५ महिने, मोजायची ८, रक्कम ५,०७,६९२. मी ३१ डिसेंबर २०२४ ला दिला, शेवटचा दिवस ३१ मार्च २०२५. ८ वर्षं ७ महिने झाले, मोजायची ९, रक्कम ५,७१,१५४. दोन महिने दात आवळून काढले, त्याचे ६३,४६२ रुपये. शिवाय आर्थिक वर्ष तिथेच संपलं, त्यामुळे फॉर्म १६ एकच, आणि पुढच्या वर्षाच्या हिशोबात पगाराची भेसळ नाही. मार्चमध्ये वार्षिक बोनस किंवा शेअर हातात येणार असतील तर त्याही तारखा बघा. ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचे पर्याय (ईसॉप) मिळालेले असतील तर नोकरी सोडल्यावर ते वापरायची मुदत करारात लिहिलेली असते, बहुतेकदा जेमतेम तीन महिने.

राजीनाम्याचं पत्र चार ओळींचं लिहावं. कारण म्हणून "वैयक्तिक" एवढंच. त्यात कंपनीच्या चुका सांगायला गेलं की पुढचे नव्वद दिवस त्याच्यावरच चर्चा होते आणि हातात काही पडत नाही. करारात "दोन वर्षं याच क्षेत्रात काम करणार नाही" असं कलम असतं, त्याला घाबरून अनेक जणी निर्णय पुढे ढकलतात. नोकरी सुटल्यानंतर अशी बंदी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार सहसा टिकत नाही. गुप्ततेचं कलम मात्र टिकतं. कंपनीची एकही फाईल स्वतःच्या मेलवर पाठवू नका, नमुना म्हणूनसुद्धा नाही.

आता विमा. चुकतं ते इथेच. कंपनीची आरोग्य पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते, आणि त्या पॉलिसीत आई असेल तर तिचंही छत्र त्याच रात्री जातं. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. कारण नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघात सोडून कशालाच संरक्षण नसतं, आणि आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. मी जानेवारीत दहा लाखांची घेतली, हप्ता वर्षाला अठरा हजार. तेव्हा त्यात १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, म्हणजे आता घेणारीला तेवढा फायदा. थायरॉईडची गोळी चालू आहे हे अर्जात लिहिलं. एजंट "त्यात काय एवढं" म्हणाला तरी लिहावंच. दावा नाकारायला तेवढं एक न लिहिलेलं वाक्य पुरतं.

आईसाठी दोन गोष्टी केल्या. माझ्या कंपनीच्या गट पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज, तोही शेवटच्या दिवसाच्या आधी. असं केलं की गट पॉलिसीत काढलेली वर्षं प्रतीक्षेच्या मुदतीतून वजा होतात. विमा कंपनी वैद्यकीय माहिती मागते, त्यामुळे दीड महिना हाताशी ठेवा. दुसरी गोष्ट, आयुष्मान वय वंदना कार्ड. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. आधारवरून ई-केवायसी होतं. फक्त आपल्या नेहमीच्या रुग्णालयाचं नाव योजनेच्या यादीत आहे का, ते कार्ड काढल्याच्या दिवशीच पाहून ठेवावं. रात्री दोन वाजता शोधत बसू नये.

पीएफबद्दल थोडक्यात: काढू नका. नोकरी सुटली तरी त्यावर व्याज मिळत राहतं (२०२४-२५ साठी ८.२५ टक्के), मात्र नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र आहे. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर स्वतःला भरता येते. बायकांचा अडथळा वेगळाच असतो. आधारवर मधलं नाव एक, पॅनवर दुसरं, पीएफला तिसरंच. ही दुरुस्ती कंपनीचा एचआर ओळखीचा आहे तोवर करून घ्या. सोडल्यानंतर तोच माणूस फोन उचलत नाही.

आता तो महिन्याचा आकडा. निघण्याआधी मी ५२,००० धरला होता. एप्रिलमध्ये वहीत रोज लिहिलं तेव्हा असा निघाला: सोसायटीचा मेंटेनन्स ३,८००, वीज २,४००, किराणा-दूध-भाजी १४,०००, केर-भांडी ३,५००, पोळ्यांच्या मावशी ४,५००, आईची औषधं ३,२००, फोन आणि नेट १,५००, प्रवास ३,०००, विम्याचा बारावा हिस्सा १,५००, माझा किरकोळ खर्च ८,०००. बेरीज ४५,४००. त्यावर बेंगळुरूच्या फ्लॅटचा हप्ता ५८,००० आणि तिथलं भाडं ३४,०००, म्हणजे खिशातून २४,०००. एकूण ६९,४००.

अंदाज चुकला कारण मी आईला दरमहा दहा हजार पाठवत होते आणि तेवढ्यात घर चालतं असं समजत होते. घर आईच्या पेन्शनवर चाललं होतं. दहा हजार ती बाजूला टाकत होती.

हा आकडा गुणिले नऊ करा, सहा नाही. सहा महिने विचाराचे, आणि त्यानंतर काही सुरू केलं तरी पहिला पैसा हातात पडेपर्यंत तीन. ६,२४,६०० झाले. त्यात दवाखान्यासाठी दोन लाख वेगळे, आणि भाडेकरू मध्येच गेला तर एक महिना पूर्ण ५८,००० भरावे लागतील याची तरतूद. हे सगळं वेगळ्या खात्यात ठेवलं, त्या खात्याचं कार्ड काढलंच नाही. दर महिन्याच्या एक तारखेला त्यातून ६९,४०० रोजच्या खात्यात. जणू पगारच. महिनाअखेरीस कमी पडले तर पुढच्या महिन्यात काटकसर, उचल नाही.

सामान. पॅकर्सना फोन करण्याआधी आईला फोनवर घराच्या दाराची रुंदी मोजायला सांगितली: ३२ इंच. माझं कपाट ३६ इंच खोल. विकलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, गॅस शेगडी आईकडे आहेच, म्हणून तेही विकलं. आणलं काय, तर बावीस खोकी, टेबल, खुर्ची. भाव ठरवताना दोन गोष्टी लिहून घ्या: लिफ्ट नसलेल्या प्रत्येक मजल्याचे वेगळे पैसे, आणि मोठा ट्रक गल्लीत शिरत नाही म्हणून छोट्या टेम्पोत सामान बदलायचे वेगळे पैसे. नौपाड्यात दोन्ही लागू होतात. खोक्यांना नंबर घालून आत काय आहे त्याची यादी आणि फोटो स्वतःकडे ठेवा. वाटेतल्या विम्याचा दावा त्या यादीवरच चालतो.

गाडीचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे लोक एजंटच्या स्वाधीन होतात. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, त्यापुढे इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. ती बेंगळुरू सोडण्याआधीच काढा. इथून काढायची तर पुन्हा तिकीट आणि दोन दिवस. फॉर्मवर चासी नंबरचा पेन्सिलचा ठसा लागतो. चासीवर नंबर कोरलेली जागा शोधायची, कापडाने ग्रीस पुसायचं, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची. अक्षरं पांढरी उमटतात. गाडीच्या मॉडेलप्रमाणे ही जागा बदलते. माझ्या गाडीत ती चालकाच्या शेजारच्या सीटखाली, गालिच्याला केलेल्या चिरेमागे होती. ठशाच्या तीन-चार पट्ट्या एकदमच काढून ठेवा, पुढे ठाण्यातही लागतात.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आधी. चलनं बाकी असतील तर ती भरून टाका, एकही बाकी असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. आणि एनओसीवर कोणत्या आरटीओचं नाव घालायचं ते नीट सांगा: ठाणे शहर एमएच ०४, नवी मुंबई एमएच ४३, कल्याण एमएच ०५. नुसतं "मुंबई" लिहून आणलेली माणसं परत जाताना पाहिली आहेत. ठाण्यात फॉर्म २७, एनओसी, आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, गाडीची तपासणी, मग गाडीचं वय आणि किंमत धरून महाराष्ट्राचा रस्ता कर. नवा नंबर मिळाला की विमा कंपनीला आणि फास्टॅगला कळवायचं, आणि नव्या आरसीची प्रत लावून कर्नाटकातल्या उरलेल्या कराचा परतावा मागायचा. गाडी आठ वर्षांहून जुनी असेल तर मी म्हणेन तिथेच विका. नौपाड्यात पार्किंग मिळणार नाही ते वेगळंच.

पत्ता बदलताना माझ्या नावावर ठाण्यातलं बिल एकही नव्हतं. आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलायची सोय आहे. आईने तिच्या फोनवर आलेल्या विनंतीला संमती दिली की झालं. मग त्या आधारवर बँक, आणि मतदार यादीसाठी फॉर्म ८.

घरात पहिलं काम विजेचं. जुन्या वायरिंगवर एसी, गिझर आणि दिवसभर लॅपटॉप चालत नाही. फ्यूज काढून एमसीबी बसवले, एसीला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घेतला. राऊटरला छोटा यूपीएस लावला. वीज गेली तरी कॉल तुटत नाही.

दुसरं काम वायरिंगपेक्षा अवघड. नोकरी नसलेली मुलगी घरात असली की पंधरा दिवसांत ती घरातला मोकळा हात होते. गॅसवाला आला, बँकेत जायचंय, शेजारच्या काकूंचा मोबाईल बंद पडलाय. कोणाचाही वाईट हेतू नसतो, आणि म्हणूनच नाही म्हणता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघींनी बसून एक कागद केला आणि फ्रिजवर लावला. सकाळी साडेनऊ ते एक मी घरात नाही असं समजायचं. दार आई उघडेल. आईचा डॉक्टर आणि रक्तदाब मंगळवारी संध्याकाळी, बँक आणि बिलं शनिवारी सकाळी, मी करायची. स्वयंपाकात रात्रीची भाजी माझी. भांडणाचं काही असेल तर रविवारी जेवणानंतर, आठवडाभर साठवून. दोन दिवसांनी बघते तर आईने खाली पेनाने एक ओळ घातली होती: "गुरुवारी ४ ते ७ मी भजनाला. चहा आपला आपण." तिच्याही वेळा असू शकतात हे माझ्या आराखड्यात नव्हतंच.

जिन्यात "सुट्टीवर आलीस की कायमची?" हा प्रश्न दिवसातून दोनदा येतो. त्याला एकच ठरलेलं उत्तर ठेवा. "सप्टेंबरपर्यंत आहे." खुलासा केला की सल्ला मिळतो.

घरी आहातच तर आईच्या कपाटातली फाईलही बघून घ्या. घराचं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर, सोसायटीत नॉमिनेशन भरलंय का. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे, पण या वयात नोंदणी आणि डॉक्टरांचा दाखला असलेला बरा. हा विषय मुलीने काढला की वाईट दिसतो. काढा तरी.

आता विचाराचं. पहिले एकवीस दिवस काहीही ठरवायचं नाही असं मी लिहूनच ठेवलं होतं. त्या दिवसांत झोप आणि कागदपत्रं. त्यानंतर रोज रात्री वहीत तीन रकाने: आज काय केलं, किती वेळ, परत करावंसं वाटतं का. तिसऱ्या रकान्यात हो, नाही किंवा प्रश्नचिन्ह, स्पष्टीकरण नाही. स्पष्टीकरण लिहायला लागलं की आपण स्वतःला पटवायला लागतो. सकाळची बैठक मी घरात केली नाही. मराठी ग्रंथसंग्रहालयात बसायला गेले. १८९३ पासूनची संस्था, चालत दहा मिनिटं, आणि तिथे कोणी आपल्याला हाक मारत नाही.

मग अकरा जणांशी बोलले: कोणी सल्लागार, कोणी शिकवणारे, दोघी नोकरीत परतलेल्या. "कसं चाललंय?" विचारलं की "मस्त" असंच उत्तर येतं, म्हणून प्रत्येकाला पाच ठरलेले प्रश्न. आठवड्याला खरे तास किती? गेल्या बारा महिन्यांत सगळ्यात वाईट महिना कोणता? बिल दिल्यापासून पैसे किती दिवसांनी येतात? हिशोब कोण बघतं? आजारी पडलात तर काय होतं? तिसऱ्या प्रश्नाला सगळे खुर्चीत सरकून बसतात.

त्याच काळात प्रवासाच्या चाचण्या केल्या. काम मिळायच्या आधी, रिकाम्या हाती, पण खऱ्या वेळेला. सोमवारी सकाळी ८:४० ला घरून, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला तिथून, आणि जुलैत एक पावसाचा दिवस. रबाळे एमआयडीसी, ट्रान्स-हार्बरने: दारापासून दारापर्यंत ४० मिनिटं, पावसात ५५. अंधेरी, घाटकोपरहून मेट्रोने: १ तास २० मिनिटं. परळ: १ तास १५, पण परतताना दादरहून ठाण्यापर्यंत उभं. नकाशावरचं ॲप जिना, पूल आणि शेअर रिक्षाची रांग धरत नाही.

शेवटी तीन गोष्टी प्रत्यक्ष करून पाहिल्या. पहिली, फार्मसी कॉलेजात चार तासिका. तासिकेला ८०० रुपये, तयारीला प्रत्येकी पाच तास. आवडलं, तिसऱ्या रकान्यात चारही वेळा हो. पण त्यावर घर चालत नाही. दुसरी, अंधेरीतल्या मोठ्या पदासाठी मुलाखती. तिसऱ्या फेरीपर्यंत पोचले आणि वहीत तीनदा प्रश्नचिन्ह. पगार आधीपेक्षा जास्त, दिवस तोच, फक्त शहर बदललेलं.

तिसरी, रबाळ्यातल्या एका लहान औषध कारखान्याची सहा दिवसांची तपासणी. वेळ जुळून आली होती. औषध उत्पादनाच्या नियमांचा सुधारित शेड्यूल एम आलेला, आणि २५० कोटींपर्यंतच्या उलाढालीच्या कारखान्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतची मुदत होती. लहान कारखान्याकडे यंत्रं बरी असतात. अडतं ते नोंदींवर, जोखमीच्या मूल्यमापनावर, स्वतःच्या तपासणीवर. वेअरहाऊसची तापमानाची वही उघडली की आठवडाभराचे आकडे एकाच पेनाने, एकाच कलाने, रविवारसकट. हे मला दारातूनच दिसतं, आणि ते रागावून न सांगता दुरुस्त कसं करायचं तेही येतं. सहाही दिवस हो.

तरीही "हो" पुरत नाही, गणित बसायला हवं. दिवसाला १५,०००, महिन्याला आठ दिवस: १,२०,०००. वर्षाला १४,४०,०००. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वीस लाख आहे, पण ती मोजताना फ्लॅटचं भाडंही धरतात, त्या भाड्यावर जीएसटी नसला तरी. ४,०८,००० मिळवून १८,४८,०००, अजून आत. ठेवींचं व्याज त्यात धरल्यावर फार जागा उरत नाही, म्हणून महिन्याला नववा दिवस घेण्याआधी थांबून बघायचं. तांत्रिक सल्लागाराला अनुमानित उत्पन्नाची योजना घेता येते. निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर, आणि आगाऊ कर एकरकमी १५ मार्चपर्यंत. महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला २,५००. ग्राहक बिलातून दहा टक्के टीडीएस कापतो, तेव्हा हातात येणारा आकडा त्याप्रमाणे धरा.

आणि उद्यम नोंदणी. ऑनलाइन, फुकट, अर्ध्या तासाचं काम. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की ग्राहकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. बिलावर उद्यम क्रमांक छापा. पैसे मागताना आवाज चढवावा लागत नाही, क्रमांक बोलतो.

पहिलं बिल ३ सप्टेंबरला पाठवलं, रक्कम ९०,०००, टीडीएस ९,०००. राखीव खात्यातून तोवर सहावा हप्ता निघून गेला होता, तीन शिल्लक. फ्रिजवरचा कागद काढून दुसरा लावला, कारण आता मंगळवारी मी रबाळ्याला असते आणि आईचा रक्तदाब बुधवारवर गेला आहे. गुरुवारचा चहा आहे तसाच.